मुस्तफा आमचा, पण डाव कुणाचा?

साताऱ्याच्या एस. टी. स्टँडमागे एका बोळात पत्र्याचे शेड होते. आत पाच लाकडी पेट्या, प्रत्येक पेटीला एक काच, दोन दांडे आणि काही बटणे. रुपयाचे नाणे टाकले की डाव सुरू. गोष्ट १९९६-९७ ची असेल. शाळा सुटली की वस्तीतली आम्ही चार-पाच पोरे तिथे जाऊन उभी राहत असू. रुपया एकाच्याच खिशात असे, बाकीचे बघे. तरीही त्या शेडात आमचा कधी अपमान झाला नाही, हे प्रथमच नमूद करतो. पाणवठ्यावर, लग्नाच्या पंगतीत, वर्गातल्या बाकावर जे विचारले जाई ते तिथे कुणी विचारत नव्हते. ज्याचा रुपया त्याचा डाव, एवढाच तिथला कायदा.

पाचपैकी एका पेटीवर कायम झुंबड. त्या गेमचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. हे नाव आम्हाला दहा वर्षांनी कळले. आमच्यासाठी तो गेम 'मुस्तफा' होता. साताऱ्यात मुस्तफा, कराडात मुस्तफा, सांगलीला कॉलेजात गेलो तर तिथेही मुस्तफा! पुढे मराठवाड्यातले, विदर्भातले मित्र भेटले, त्यांच्याही गावात मुस्तफाच.

आता यातली गंमत पाहा. त्या गेममध्ये चार पात्रे आहेत. जॅक हा गोरा, देखणा. कंपनीने आणि मूळच्या अमेरिकन चित्रकथेने ठरवलेला नायक. हॅना ही बाई. मेस हा दांडगा पैलवान. आणि चौथा मुस्तफा कैरो. सावळा, टोपी घातलेला, पेशाने इंजिनिअर. गोष्टीत तो जॅकचा मित्र, म्हणजे दुय्यम. पण आमच्या पोरांनी जॅककडे ढुंकून पाहिले नाही. मुस्तफा चपळ, धावत येऊन लाथ घालायचा, म्हणून आवडायचा हे खरे. पण चपळाईवर सारा हिशेब मिटत नाही. खेडोपाडीच्या हजारो पोरांनी कुणी न शिकवता, कुठलेही भाषण न ऐकता, गोऱ्या नायकाला बाजूला सारून सावळ्या इंजिनिअरला नायक केले आणि गेमला त्याचे नाव दिले. बारसे कंपनीने एक केले, पोरांनी दुसरे केले आणि टिकले ते पोरांनी केलेले. आम्हाला आजही याचे अप्रूप वाटते.

वाचकहो, वर्तमानपत्राच्या या पानावर व्हिडिओ गेमचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते मित्र तर म्हणालेच, "अहो, आरक्षणावर लिहा, शिष्यवृत्तीवर लिहा, हे पोरखेळ कसले?" त्यांचा मान राखून सांगतो की आज आपल्या वस्तीतला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा कादंबरी वाचत नाही, जलशाला येत नाही, सभेला आलाच तर मागे बसून मोबाईल पाहतो. त्याच्या डोक्यात नायक कोण, शत्रू कोण, शौर्य कशाला म्हणायचे, हे सारे त्या सहा इंची काचेवर ठरते आहे. मग ती काच कोण भरतो आहे, हे चळवळीने विचारायचे नाही तर कुणी? शिवाय दुसरे कारण खासगी आहे. आम्ही या खेळांचे शौकीन आहोत. पंचेचाळिशी जवळ आली तरी नवा गेम जाहीर झाला की आमचा जीव वरखाली होतो. तो शौक लपवून उपदेश करणे आम्हाला जमणार नाही.

सध्या साऱ्या जगाचे लक्ष ज्या येऊ घातलेल्या गेमकडे लागले आहे तो 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६'. रॉकस्टार कंपनीने त्याची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये दाखवली. आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तारीख पुन्हा ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ केली. आमचा सांगलीतला भाचा त्या तारखा पंचांगासारख्या पाठ म्हणतो. या वेळी दोन मुख्य पात्रांपैकी लुसिया नावाची एक स्त्री आहे आणि गोष्ट पुन्हा व्हाइस सिटीत घडणार आहे.

व्हाइस सिटी! हे नाव ऐकले की आम्ही एकदम सांगलीच्या विश्रामबागेतल्या सायबर कॅफेत जाऊन बसतो. २००४-०५ चा काळ. तासाला पंधरा रुपये. एका संगणकावर 'आयजीआय', दुसऱ्यावर 'काऊंटर स्ट्राईक', आणि कोपऱ्यातल्या संगणकावर 'व्हाइस सिटी'. त्यात हैतीच्या माणसांची एक टोळी होती आणि एका प्रसंगात त्या लोकांना ठार मारण्याची भाषा होती. आम्ही तो प्रसंग हसत हसत खेळलो. हैती कुठे आहे हेही तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. फार पुढे वाचनात आले की हैती म्हणजे गुलामांनी स्वतः लढून, मालकांना हाकलून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेला देश! ज्यांनी गुलामगिरीच्या बेड्या तोडल्या त्यांची पोरे त्या गेममध्ये निव्वळ मारायची बाहुली झाली होती, आणि आम्ही, गुलामाला गुलामीची जाणीव करून द्या हे वाक्य ऐकत वाढलेले आम्ही, बटण दाबत होतो. अमेरिकेतल्या हैती वंशाच्या लोकांनी मात्र गप्प बसायचे नाकारले. त्यांनी निषेध केला, आवाज उठवला, आणि डिसेंबर २००३ मध्ये कंपनीला ते वाक्य पुढच्या प्रतींमधून काढण्याचे मान्य करावे लागले. आम्ही विश्रामबागेत खेळत होतो ती प्रत जुनी होती, चोरीची होती. त्यामुळे ते आंदोलन आमच्यापर्यंत पोचलेच नाही.

म्हणून नोव्हेंबरच्या तारखेकडे आम्ही दोन्ही डोळ्यांनी पाहतो. एक डोळा शौकिनाचा, दुसरा शहाणपण उशिरा आलेल्या माणसाचा. अर्थात पाहणार म्हणजे भाच्याच्या मोबाईलवर दुसऱ्याने खेळलेला व्हिडिओच पाहणार. कारण हा गेम प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांसाठी जाहीर झाला आहे. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आला तेव्हाच त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. वाळवा तालुक्यात उसाच्या फडावर राबणाऱ्या जोडप्याने त्या आकड्याचे काय करायचे? आपल्या पोरांचा गेम म्हणजे हप्त्यावरचा मोबाईल आणि रोजचा दीड जीबी डेटा. म्हणूनच २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी'वर बंदी आली तेव्हा बंगल्यातल्या मुलाचे फारसे बिघडले नाही, त्याच्याकडे दुसरी यंत्रे होती. वस्तीतल्या मुलाचे मात्र मैदानच गेले. कोरोनाच्या टाळेबंदीत तेवढेच एक मैदान उघडे होते.

आता आपल्याच देशात काय तयार होते आहे ते पाहू. साताऱ्याहून पुणे दोन-अडीच तासांवर. त्या पुण्यात 'राजी' हा गेम तयार झाला. नॉडिंग हेड्स नावाच्या छोट्या कंपनीने लोकवर्गणी मागून पाहिली, ती फसली, तरी चिकाटीने २०२० मध्ये तो जगभर आणला. त्याच पुण्यातल्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' आणला. दोघांचेही कौतुक आहे. 'राजी' आम्ही उधारीच्या लॅपटॉपवर दोनदा खेळलो. चित्रकाम अप्रतिम! त्यातली राजी ही सर्कशीत कसरती करणारी अनाथ पोर आहे, तिच्या भावाला राक्षस पळवून नेतात. आम्ही खेळत असताना शेजारी आमच्या मातोश्री बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ही तर डोंबाऱ्याची पोर दिसतीया." खरेच होते. साताऱ्याच्या बाजारात दोरीवरून चालणारी, खाली पितळी ताटली ठेवणारी ती पोर आम्ही सर्वांनी पाहिली आहे. तिला गेममध्ये नायिका झालेले पाहून आनंद झाला. पण गेममध्ये तिच्या अंगी बळ येते ते दुर्गेच्या आणि विष्णूच्या कृपेने. दोरीवरून चालून पोट भरण्याचे जे तिचे स्वतःचे बळ, ते पुरेसे का नव्हते?

हा प्रश्न एका गेमपुरता नाही. येऊ घातलेल्या भारतीय गेमची यादी काढा. सर्वांत मोठा गाजावाजा आहे तो 'द एज ऑफ भारत'चा. तारा गेमिंग ही कंपनी, तिच्यामागे अमिताभ बच्चन यांच्यासारखे नाव आणि कादंबरीकार अमिश त्रिपाठी. विषय अर्थातच पुराणकाळ. असुर, देव, अस्त्रे, शाप. बाकीच्या जाहिराती पाहा, तेच. जणू या देशात पुराणांखेरीज गोष्टच घडली नाही! आमचा पुराणकथेवरचा गेम निघण्याला विरोध नाही. ग्रीकांच्या देवांवर, उत्तर युरोपच्या देवांवर गेम आहेत आणि ते आम्ही आवडीने खेळलो आहोत. आक्षेप एवढाच की त्या देशांत देवांच्या गेमशेजारी खाणकामगाराचा, निर्वासिताचा, गुलामाचाही गेम निघतो. आपल्याकडे शेजारची जागा रिकामी आहे आणि असुर म्हणून मारायला पुढे केला जातो तो काळा, दांडगा, जंगलात राहणारा. महात्मा फुल्यांच्या बळीराजाची आठवण असलेल्या वाचकांना अधिक सांगायला नको.

आणि गेम ही गोष्ट कधीच नुसती करमणूक नव्हती. आपण ज्याला सापशिडी म्हणतो तो मूळचा मोक्षपट. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. पुण्य केले की शिडी, पाप केले की साप, आणि फासे पडतील तसे तुमचे घर. खेळता खेळता पोराच्या मनात बसते की जो खाली आहे तो आपल्या कर्माने खाली आहे. फाशाला जाब कोण विचारणार? इंग्रजांनी तो खेळ नेला, पाप-पुण्य पातळ केले आणि पोरांचा खेळ करून टाकला. तरी शिडीवर कोण आणि सापाच्या तोंडात कोण, हे पट रंगवणाराच ठरवतो.

एक अपवाद सांगितला पाहिजे. 'मुक्ती' नावाचा गेम अंडरडॉग्ज स्टुडिओने जाहीर केला आणि सोनीच्या भारतीय प्रकल्पात त्याची निवड झाली. वस्तुसंग्रहालयात फिरता फिरता माणसांच्या तस्करीचे सत्य उलगडते, असा त्याचा विषय. बाईच्या देहाचा बाजार कुणाच्या लेकींचा होतो, देवदासीची प्रथा मिरजेपासून सीमाभागापर्यंत कुणाच्या घरात शिरली होती, हे आपल्या भागाला कुणी सांगायला नको. त्या गेमकडे आमचे लक्ष आहे. तो गाजावाजाविना विरून जाऊ नये एवढीच इच्छा.

हे झाले काचेच्या आतले. काचेबाहेरची संस्कृती याहून वेगळी नाही. पत्र्याच्या शेडात जात विचारत नव्हते असे आम्ही म्हटले. आजच्या मोबाईल गेममध्ये चार जणांची टोळी करून खेळतात, कानाला माईक असतो, चौघे चार गावांचे. भाच्याने आपल्या नावापुढे 'जयभीम' जोडले होते. पहिल्या दिवशी एकाने विचारले, "कुठला तू?" सांगली म्हटल्यावर, "सांगलीत कुठं?" वस्तीचे नाव सांगितल्यावर दोन क्षण शांतता आणि मग टोळीतून बाहेर. दुसऱ्या टोळीत बाहेर काढले नाही, पण हरल्यावर जी शिवी आली ती आम्ही शेजारी बसून आमच्या कानांनी ऐकली. ती इथे छापता येत नाही. ती शिवी देणारा मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असावा, त्याचा आवाजही फुटलेला नव्हता. त्याला ती शिवी कुणावर फेकली हेही कदाचित ठाऊक नसेल. घरात ऐकली, शाळेत ऐकली, इथे वापरली. भाच्याने काय केले? त्याने नाव बदलले नाही. माईक बंद केला आणि खेळ चालू ठेवला. त्या रात्री तो जिंकला की हरला हे आम्ही विचारले नाही.

अमेरिकेत काळ्या खेळाडूंनाही हेच भोगावे लागते. मार्च २०२५ मध्ये 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' हा गेम आला. त्यात यासुके हा आफ्रिकेतून जपानला गेलेला योद्धा नायक आहे. माणूस खरा, सोळाव्या शतकात ओदा नोबुनागाच्या पदरी होता. तरी काळा माणूस जपानी योद्धा कसा, म्हणून किती आरडाओरडा झाला! आमच्या बोळातल्या पोरांनी मुस्तफासाठी असा गदारोळ केला नव्हता. त्यांना तो आवडला, विषय संपला.

आता पैशाच्या खेळाबद्दल. इथे आम्ही हात आखडता घेणार नाही. गेम आणि जुगार एका तराजूत तोलण्याची चूक आपल्याकडे सर्रास होते, आणि जुगारवाल्यांना ती हवीच असते. रमी, पैजा, पत्ते मोबाईलवर आणून त्याला 'कौशल्याचा खेळ' असे गोंडस नाव दिले गेले. आमच्या नात्यातला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक तरुण अशा ॲपवर आठ महिन्यांचा पगार घालवून बसला. वर बहिणीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज. ॲपचे नाव लिहीत नाही, सगळी सारखीच. त्याने जीव दिला नाही हे आमचे नशीब. शेवटी २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेने, दुसऱ्या दिवशी राज्यसभेने कायदा मंजूर केला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमना बंदी, असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ई-स्पोर्ट आणि साध्या करमणुकीचे गेम मात्र वेगळे मानले. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे शहाणपणाचे.

२० ऑगस्ट ही तारीख सातारकरांच्या काळजात रुतलेली आहे. २०१३ मध्ये त्याच तारखेला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. साताऱ्यात 'परिवर्तन'च्या नावाने व्यसनमुक्तीचे काम उभे करणारे दाभोलकर स्वतः कबड्डीचे नामांकित खेळाडू होते. खेळ कशाला म्हणायचे आणि व्यसन कशाला, हे त्यांना अंगाने ठाऊक होते. २०२५ च्या जुलैत राज्याच्या कृषिमंत्र्यांचा विधिमंडळ सभागृहातला मोबाईलवरचा रमीचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. पुढे त्यांचे खाते बदलले आणि त्यांना कोणते खाते मिळाले? क्रीडा! असो.

व्यसनाचा प्रश्न खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही गेमच्या विकाराची नोंद आपल्या आजारांच्या यादीत केली आहे. सांगली जिल्ह्यातच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून त्या गावाने एक रीत पाडली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद. पोरे अभ्यासाला बसतात, माणसे एकमेकांशी बोलतात. परदेशी वृत्तसंस्थांनीही बातमी केली. उपक्रम चांगला, गावाचे अभिनंदन. पण साडेआठला दुसरा भोंगा वाजल्यावर पोरगा पुन्हा त्याच काचेसमोर जातो आणि काचेत तेच असते. बंद करण्याचा भोंगा आहे, तयार करण्याचा भोंगा कुठे आहे?

आमचे म्हणणे एवढेच. आपली पोरे खेळतात हे दुखणे नाही. ती फक्त खेळतात हे दुखणे आहे. पुण्याच्या गेम कंपनीच्या इमारतीत वस्तीतला मुलगा आज जातो तो बहुधा जेवणाचे पार्सल घेऊन. तिथे बसून काम करायला जायचे तर शिकावे लागते, आणि शिकायचे कुठे? भाच्याच्या एका मित्राला घेऊन आम्ही एका खासगी संस्थेत चौकशीला गेलो होतो. गार हवा, काचेची दारे, दोन वर्षांची फी काही लाखांत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती चालेल का विचारले, तर समोरची बाई गोड हसली. ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मिळते, असल्या कोर्सला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, गेमिंग, कॉमिक्स वगैरेंसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. त्यातले किती कोटी पुण्या-मुंबईच्या काचेच्या दारांत अडकणार आणि किती सातारा-सांगलीच्या वस्तीपर्यंत येणार, हा प्रश्न आपल्या आमदारांनी विचारायला हवा. आणि 'बार्टी'ने स्पर्धा परीक्षा, बँक, पोलीस भरतीचे वर्ग चालवले, त्याचा फायदा झाला. त्याच 'बार्टी'ने सांगली-साताऱ्यात गेम तयार करण्याचा एक वर्ग काढला तर कुठे बिघडले? पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारा मुलगा आम्हाला वंद्य आहे. पण प्रत्येक मुलाने पळतच सुटले पाहिजे असे नाही.

साधनांचे रडगाणेही पूर्ण खरे नाही. आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात किरोओ नावाच्या कंपनीतल्या तरुणांनी 'ऑरियन' हा गेम केला, २०१६ मध्ये जगासमोर आणला. गोष्ट त्यांची, पात्रे त्यांची, पैसा लोकवर्गणीचा. अर्जेंटिनातल्या दोघांनी 'गोडो' नावाचे गेम बनवण्याचे साधन २०१४ पासून साऱ्या जगाला फुकट दिले आहे. संगणकावर उतरवून घ्या, एक पैसा नाही, परवानगी नाही. आमच्या पिढीच्या काळी हे असते तर पत्र्याच्या शेडातला आमचा एखादा मित्र कुठे असता!

मग गोष्टी कोणत्या सांगायच्या? आपल्या दोन जिल्ह्यांतच खाण आहे. वाटेगाव सांगली जिल्ह्यात. तिथे जन्मलेल्या अण्णाभाऊंनी १९५९ मध्ये 'फकिरा' दिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. रात्रीचा डोंगर, घोड्याची टाप, उपाशी वाड्यासाठी लुटलेले धान्य, इंग्रजांचा खजिना. ज्याने आयुष्यात शंभर गेम खेळले तो माणूस तुम्हाला सांगतो, ॲक्शन गेमला लागणारे सारे त्यात आहे. असुर आणायची गरज नाही.

पण आमच्या मनात घर करून आहे ती दुसरी गोष्ट. बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले हे आपण सारे जाणतो. पुढच्या वर्षीचा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. भाऊ आणि भाचे यांच्यासह ते कोरेगावी वडिलांना भेटायला निघाले. नवे कपडे, भरजरी टोप्या, खिशात पैसे. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कुणी नाही, पत्र वडिलांपर्यंत पोचलेलेच नव्हते. स्टेशनमास्तर चौकशीला येतो आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार नाही. तेव्हा मुलांनीच गाडी हाकायची आणि मालकाने बाजूने चालायचे, असे ठरते. शिदोरी जवळ आहे, पाणी नाही. रात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळत नाही. तशीच तहानलेली पोरे झोपतात.

हा गेम करून पाहा! प्रत्येक गेममध्ये नाणी असतात, नाणी दिली की जीव वाढतो. इथे खिशात नाणी आहेत आणि जीव वाढत नाही. एक बटण आहे, पाणी मागण्याचे. दाबले की नकार, दर वेळी वेगळ्या शब्दांत. तलवार नाही, कारण समोरचा तलवार घेऊन येतच नाही, तो नुसता दोन पावले मागे सरतो. हे अर्धा तास ज्याने खेळले, मग तो कुठल्याही जातीचा असो, त्याला महाडच्या चवदार तळ्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

यावर आमच्या ज्येष्ठ मित्रांचा आक्षेप आलाच. "बाबासाहेबांचे खेळणे करता काय?" आक्षेप गंभीर आहे आणि आम्ही तो झटकत नाही. उद्या कुणी व्यापारी बाबासाहेबांच्या हाती बंदूक देऊन गेम विकू लागला तर रस्त्यावर उतरणाऱ्यांत आम्हीही असू. पण २०११ मध्ये हाच प्रसंग 'भीमायन' या चित्रकथेत आला. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी तो रेखाटला आणि जगभर वाचला गेला. चित्राने अवमान झाला नाही तर खेळाने का व्हावा? आणि गेममध्ये नायक म्हणून दिसावा तो नऊ-दहा वर्षांचा भिवा, तहानलेला, घाबरलेला, भाऊ-भाच्यांसोबत गाडीत बसलेला. पुतळ्यातले बाबासाहेब पोरांना दुरून दिसतात. तो भिवा त्यांच्याच वयाचा आहे.

हे आम्ही नुसते कागदावर लिहीत नाही. भाच्याचा तो मित्र मिरजेला राहतो. फीचा आकडा ऐकून परत आला आणि जुन्या लॅपटॉपवर 'गोडो' उतरवून बसला. हिंदीतले व्हिडिओ पाहून शिकतो. चार महिन्यांत त्याने मसूरचे स्टेशन उभे केले आहे. फलाट, कंदील, बाकावर बसलेली पोरे. गाडी काही जमेना. एके रात्री फोन आला, "काका, गाडी वळंना की!" आम्ही काय सांगणार? आम्हीही बैलगाडीत बसलो आहोत, हाकलेली नाही. मग त्याच्या आज्याला गाठले. वाळव्याकडच्या खेड्यात राहतात, तरुणपणी बैलगाडीने कारखान्याला ऊस वाहिला. लॅपटॉपसमोर बसून त्यांनी चित्रातली गाडी पाहिली आणि म्हणाले, "जू कुठाय? शिवळा कुठायत? कासरा असा धरत्यात व्हय? बैल पळून जाईल ह्यो." पोराने वही काढून लिहून घेतले.

मसूर-कोरेगाव रस्त्याची जुनी छायाचित्रे, टोलनाक्याच्या जागेची कुणाला माहिती, त्या काळच्या गाडीचे वर्णन, असे काही वाचकांकडे असेल तर आमच्याकडे पाठवावे. त्या पोराचे स्टेशन खरे दिसते की नाही, हे मसूरच्या माणसाने येऊन सांगितले तर फारच बरे. परवा पुन्हा फोन होता. गाडी आता वळते, पण बैल मागे चालतात. रविवारी आम्ही आज्याला घेऊन मिरजेला जाणार आहोत.